भल्याभल्या डिफेंडरना जो सापडला नाही, त्या गॅरिंचाला शेवटी दारूने गाठलं

पेले आणि गॅरिंचा. ही दोन नावं ब्राझीलच्या टीममध्ये एकत्र असली की ब्राझील हरायचं नाही. ही कौतुकापोटी मारलेली थाप नाही, रेकॉर्ड आहे. दोघं मिळून ४० मॅच खेळले. त्यातल्या ३६ जिंकल्या, ४ बरोबरीत सुटल्या. हरलेल्या मॅच शून्य.

यातला पेले आपल्याकडे सगळ्यांना माहिती आहे. १९७७ साली तो कोलकात्यात येऊन मोहन बागानविरुद्ध खेळूनही गेलाय. गॅरिंचाचं नाव मात्र आपल्याकडे पटकन कुणाच्या तोंडी येत नाही. ब्राझीलमध्ये गोष्ट वेगळी आहे. तिकडे पेलेला राजा म्हणायचे आणि गॅरिंचाला लोकांचा आनंद. राजा २०२२ साली गेला, ८२ व्या वर्षी. लोकांचा आनंद १९८३ सालीच गेला. वय होतं फक्त ४९ आणि कारण होतं दारू.

खेळाडू मॅचच्या आधी, मॅचच्या नंतर, वर्षानुवर्षं दारू पितो तेव्हा नक्की काय होतं, हे समजून घ्यायचं असेल तर गॅरिंचाचं आयुष्य बघावं लागतं. कारण प्यायला म्हणून हरला, इतकी सरळ ही गोष्ट नाही. तो पीत होता आणि जिंकतही होता. खरी गोम तिथेच आहे.

गॅरिंचाचं पाळण्यातलं नाव मॅन्युएल फ्रान्सिस्को दोस सांतोस. जन्म २८ ऑक्टोबर १९३३ चा, रिओ दि जानेरो राज्यातल्या पाऊ ग्रांदे नावाच्या गावातला. गाव कसलं, कापड गिरणीच्या भोवती वसलेली कामगार वस्ती. गिरणीचा भोंगा वाजला की गाव उठायचं आणि भोंगा वाजला की घरी यायचं. ज्यांच्या घरात गिरणगावच्या आठवणी आहेत, त्यांना हे चित्र वेगळं सांगायला नको.

पोरगं जन्मलं तेच वाकड्या पायांचं. एक पाय आत वळलेला, दुसरा बाहेर. त्यात एक पाय दुसऱ्यापेक्षा जवळपास सहा सेंटीमीटरने आखूड. अंगाने बारकं होतं म्हणून बहिणीने त्याचं नाव ठेवलं गॅरिंचा. हे तिकडच्या एका चिमुकल्या तपकिरी पक्ष्याचं नाव. तेच पुढे जगभर गाजलं.

चौदाव्या वर्षी गॅरिंचा गिरणीत कामाला लागला. कामात त्याचं लक्ष नसायचं, पण गिरणीच्या टीमला तो हवा असायचा. त्याच वस्तीत त्याची दुसरी ओळख झाली, ती काशासाची. आपल्याकडे उसाच्या मळीपासून देशी बनते, तिकडे थेट उसाच्या रसापासून काशासा बनते. स्वस्त, कडक आणि कष्टकऱ्याच्या खिशाला परवडणारी. गॅरिंचाचे वडील तिच्या पूर्ण आहारी गेलेले. म्हणजे दारू पोराला मोठेपणी कुठल्या पार्टीत भेटलेली नव्हती, ती घरातच होती.

१९५३ साली रिओच्या बोटाफोगो क्लबमध्ये त्याची ट्रायल झाली. समोर डिफेंडर होता निल्टन सांतोस, ब्राझीलच्या राष्ट्रीय टीमचा खेळाडू. या वाकड्या पायांच्या पोराने त्याच्या दोन पायांमधून बॉल काढला आणि निघून गेला. दुसरा असता तर चिडला असता. सांतोसने उलट क्लबला सांगितलं की याला आत्ताच्या आत्ता घ्या, उद्या दुसऱ्या टीमकडून हा आपल्यासमोर उभा राहायला नको. गॅरिंचा बोटाफोगोचा झाला आणि क्लबकडून पहिल्याच मॅचमध्ये त्याने हॅटट्रिक केली.

त्याची चाल एकच होती. उजव्या बाजूने बॉल घेऊन यायचं, डिफेंडरसमोर थांबायचं, अंग डावीकडे झुकवायचं आणि उजवीकडून सुटायचं. तो उजवीकडूनच जाणार हे समोरच्याला माहिती असायचं, तरी सापडायचा नाही. कारण पाय असे वाकडे की वजन नक्की कुठे पडतंय याचा अंदाजच यायचा नाही.

१९५८ चा वर्ल्ड कप स्वीडनमध्ये होता. टीमसोबत एक मानसशास्त्रज्ञ गेलेला. त्याने परीक्षा घेतल्या आणि पेले व गॅरिंचा दोघांनाही खेळवू नका असं कळवलं. पहिल्या दोन मॅच दोघंही बाहेर होते. १५ जूनला सोव्हिएत युनियनविरुद्ध कोच फेओलाने दोघांना उतरवलं. पहिल्याच मिनिटात गॅरिंचा बचाव फोडून आत घुसला आणि त्याचा शॉट पोस्टवर आदळला. पाठोपाठ पेलेनेही पोस्ट हलवली. तिसऱ्या मिनिटाला वावाने गोल केला. फायनलमध्ये ब्राझीलने स्वीडनला ५-२ ने हरवलं. त्यातले वावाचे पहिले दोन गोल गॅरिंचाच्या पासवर झाले. ब्राझील पहिल्यांदा विश्वविजेता झाला आणि गिरणीतला पोरगा देशाचा हिरो.

इथून पुढे पिणं हाताबाहेर जायला लागलं.

गॅरिंचाचं वजन वाढलं. मे १९५९ मध्ये माराकाना स्टेडियमवर इंग्लंडविरुद्ध मॅच होती, त्या टीममधून त्याला वगळलं. वर्ल्ड कप जिंकून वर्षही झालं नव्हतं. त्याच वर्षी पाऊ ग्रांदेमध्ये दारू पिऊन गाडी चालवताना त्याने स्वतःच्याच वडिलांना धडक दिली आणि गाडी न थांबवता पुढे गेला. चिडलेल्या लोकांनी पाठलाग करून त्याला पकडलं, तेव्हा आपण काय केलंय याची त्याला शुद्ध नव्हती. वडील त्या अपघातातून वाचले, पण ऑक्टोबर १९५९ मध्ये यकृताच्या कॅन्सरने गेले. वर्षानुवर्षांच्या दारूने यकृताचं काय होतं, हे गॅरिंचाने घरातच पाहिलं. तरी तो थांबला नाही.

मग प्रश्न येतो की इतकं पिणारा माणूस खेळायचा कसा?

त्यासाठी दारू शरीरात काय करते ते बघू. मॅचच्या आधी घेतलेला पेग सगळ्यात पहिल्यांदा मेंदू गाठतो. शरीराचा तोल आणि हालचालींचा ताळमेळ मेंदूचा मागचा भाग सांभाळतो, तो भाग सुस्तावतो. बॉल आला हे डोळ्याला दिसणं आणि पाय हलणं, यातला वेळ वाढतो. दुसरीकडे यकृत दारू निचरायच्या कामाला लागतं आणि रक्तात साखर सोडायचं त्याचं नेहमीचं काम मागे पडतं. ९० मिनिटं धावणाऱ्याला तीच साखर लागत असते. लघवी रोखणारं हार्मोन दबतं, त्यामुळे घामावाटे जाणारं पाणी वेगळं आणि हे वेगळं. आदल्या रात्री प्यायलेली दारू झोप उथळ करते, तर मॅचनंतरची दारू दमलेल्या स्नायूंची दुरुस्ती लांबवते.

यातली फसवी गोष्ट म्हणजे पिणाऱ्याला यातलं काहीच जाणवत नाही. भीती कमी होते, अंगात बळ आल्यासारखं वाटतं. म्हणूनच जुन्या काळी दारूला ताकदीचं औषध समजायचे. १९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकलेल्या थॉमस हिक्सला तर पळता पळता ब्रँडी आणि स्ट्रिक्निन नावाचं विष पाजलं होतं. शर्यत संपल्यावर तो कोसळला. तो जिंकला तो ब्रँडीमुळे नाही, ब्रँडी पिऊनही जिंकला. पण बघणाऱ्यांना हा फरक कळत नाही.

गॅरिंचाच्या बाबतीत नेमकं हेच झालं. बाकीच्यांपेक्षा तो इतका पुढे होता की दारूने त्याच्यातलं थोडं खाल्लं, तरी उरलेला गॅरिंचा समोरच्या डिफेंडरला जड जायचा. त्याचा खेळ काही पावलांच्या झटक्याचा होता, त्यामुळे दमसास कमी पडला तरी लगेच दिसायचं नाही. स्कोअरबोर्डवर विजय लागत होता. क्लब खूश, चाहते खूश, सरकार खूश. मग त्याला थांबवणार कोण?

१९६२ च्या वर्ल्ड कपने तर सगळ्यांची तोंडं बंद केली. चिलीमध्ये दुसऱ्याच मॅचला पेले जखमी होऊन बाहेर गेला. गॅरिंचाने टीम खांद्यावर घेतली. क्वार्टर फायनलला इंग्लंडविरुद्ध दोन गोल, सेमी फायनलला चिलीविरुद्ध दोन गोल. अंगात ताप असताना तो फायनल खेळला आणि ब्राझीलने सलग दुसऱ्यांदा कप उचलला.

त्या इंग्लंडच्या मॅचमध्ये मैदानात एक कुत्रं घुसलं होतं. इंग्लंडच्या जिमी ग्रीव्ह्जने रांगत जाऊन त्याला पकडलं, तर कुत्र्याने त्याच्या जर्सीवर लघवी केली. पुढे त्या कुत्र्याची सोडत निघाली आणि ते गॅरिंचाच्या घरी गेलं. ही गोष्ट हसत हसत सांगितली जाते. पण त्या दिवशी मैदानावर असलेल्या या दोघांनाही दारूने ग्रासलं. ग्रीव्ह्ज १९७८ मध्ये थांबला, आपण व्यसनी आहोत हे त्याने उघड मान्य केलं, टीव्हीवर नाव कमावलं आणि ८१ वर्षं जगला. गॅरिंचाला ते जमलं नाही.

१९६२ नंतर उतरण लागली. वाकड्या पायांवर एकच चाल हजारो वेळा खेळून गुडघा झिजला होता. खरं तर त्याला विश्रांतीची गरज होती, पण गॅरिंचा खेळला की गर्दी व्हायची, म्हणून इंजेक्शन टोचून त्याला मैदानात उतरवलं जायचं. हा माणूस क्लबच्या कोऱ्या करारावर सही करून द्यायचा, त्यामुळे हातात पैसाही बेताचाच यायचा. ऑपरेशन झालं १९६४ मध्ये, फार उशिरा. अशा गुडघ्याला वजन कमी ठेवणं, झोप आणि शिस्तीचा व्यायाम लागतो. दारू नेमकं तेच होऊ देत नव्हती.

१९६६ च्या वर्ल्ड कपमध्ये बल्गेरियाविरुद्ध पेले आणि गॅरिंचा शेवटचं एकत्र खेळले. दोघांनीही गोल केला. पुढची मॅच हंगेरीविरुद्ध होती, तीत पेले नव्हता. ब्राझील ३-१ ने हरलं. ब्राझीलकडून ५० मॅच खेळलेल्या गॅरिंचाचा हा एकमेव पराभव आणि हीच त्याची देशासाठीची शेवटची मॅच. तेव्हा तो ३२ वर्षांचा होता.

घरही मोडत गेलं. पहिल्या बायकोपासून आठ मुली होत्या. तिला सोडून त्याने सांबा गायिका एल्झा सोआरेससोबत संसार मांडला. एप्रिल १९६९ मध्ये तो चालवत असलेली गाडी ट्रकवर आदळली आणि गाडीत बसलेली एल्झाची आई गेली. पुढे दारूच्या नशेत तो एल्झावर हात उगारायला लागला. १९७७ मध्ये तीही निघून गेली.

लोकांनी त्याला वाऱ्यावर सोडलं असंही नाही. १९ डिसेंबर १९७३ ला माराकानावर त्याच्यासाठी निरोपाची मॅच झाली, तेव्हा सुमारे १ लाख ३१ हजार माणसं आली होती. प्रेम भरपूर होतं. पण व्यसन हा आजार आहे आणि त्यावर वर्षानुवर्षं उपचार लागतात, हे समजून घेऊन उभी राहणारी यंत्रणा तेव्हा फुटबॉलमध्ये नव्हती. १९८० च्या कार्निव्हलमध्ये त्याला सजवलेल्या रथावर बसवलं. समोर लोक नाचत होते आणि गॅरिंचा औषधांच्या गुंगीत शून्यात बघत होता.

शेवटच्या वर्षात त्याला आठ वेळा हॉस्पिटलमध्ये भरती करावं लागलं. २० जानेवारी १९८३ ला रिओमध्ये तो गेला. यकृत सिरोसिसने पोखरलं होतं. माराकानापासून पाऊ ग्रांदेपर्यंत अंत्ययात्रा निघाली आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हजारो लोक उभे होते.

फुटबॉलला यातून शहाणपण यायला आणखी बराच काळ गेला. १९९६ मध्ये आर्सेनलचा कॅप्टन टोनी ॲडम्सने आपण दारूच्या आहारी गेलोय हे जाहीर केलं. त्याला टीमबाहेर फेकलं नाही, सावरायला वेळ दिला. त्याच ॲडम्सने १९९८ आणि २००२ मध्ये आर्सेनलला लीग जिंकून दिली आणि व्यसनात अडकलेल्या खेळाडूंसाठी क्लिनिक सुरू केलं.

आज ब्राझीलची राजधानी ब्रासिलियाच्या स्टेडियमला गॅरिंचाचं नाव आहे. २०१४ च्या वर्ल्ड कपच्या मॅच तिथे झाल्या. पिऊन खेळला तरी जिंकला, असं कुणा खेळाडूबद्दल कौतुकाने सांगितलं जातं, तेव्हा गॅरिंचाचे दोन आकडे शेजारी शेजारी ठेवून बघावेत. दोन वर्ल्ड कप आणि वय वर्षं ४९. पहिला आकडा त्याच्या पायांनी मिळवलेला, दुसरा दारूने ठरवलेला.