हिमशिखरावर मावळलेली प्रतिभा
मुंबईत १९०९ मध्ये जन्मलेले डॉ. होमी भाभा १९३९ मध्ये केंब्रिजहून सुटीवर आले आणि महायुद्धामुळे मायदेशीच राहिले. १९४५ मध्ये त्यांनी टाटा मूलभूत संशोधन संस्था स्थापन केली, तर १९४८ मध्ये अणुऊर्जा आयोगाची धुरा स्वीकारली.

१९५० मध्ये एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ विमान आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर कोसळून सर्व ४८ जण दगावले होते. त्यावरून सुचलेल्या कादंबरीवर ‘द माउंटन’ (१९५६) हा चित्रपट निघाला. त्यात एक भारतीय तरुणी बर्फात जिवंत सापडते. व्हिएन्नाला निघालेल्या भाभांचे विमान २४ जानेवारी १९६६ रोजी त्याच पर्वतावर आदळले. पडद्यावरचा चमत्कार मात्र घडला नाही; ११७ जणांपैकी कोणीही वाचले नाही. १९६७ मध्ये ट्रॉम्बेच्या अणुकेंद्राला भाभांचे नाव देण्यात आले.