वार्धक्याचे मूळ आतड्यात शोधणारे इल्या मेचनिकोव्ह

नवी दिल्ली : वय वाढत जाते तसतशी माणसाच्या आतड्यातील जिवाणूंची वस्ती बदलते आणि या बदलाचा म्हातारपणीच्या दुबळेपणाशी संबंध असतो, हे आता अनेक देशांतील प्रयोगशाळांमधून पुढे येत आहे. हा विचार शंभर वर्षांहूनही आधी मांडणाऱ्या शास्त्रज्ञाची मात्र त्या काळात जितकी वाहवा झाली, तितकीच पुढे थट्टाही झाली. त्यांचे नाव इल्या मेचनिकोव्ह. दीर्घायुष्याचा हा पुरस्कर्ता तरुणपणी दोनदा स्वतःचे आयुष्य संपवायला निघाला होता.

मेचनिकोव्ह यांचा जन्म १८४५ मध्ये तत्कालीन रशियन साम्राज्यातील, आजच्या युक्रेनमधील खारकीव शहराजवळच्या एका खेड्यात झाला. शिक्षण प्राणिशास्त्राचे. विशीतच ओडेसा विद्यापीठात अध्यापन सुरू झाले. पहिली पत्नी ल्युडमिला विवाहाच्या वेळीच क्षयाने इतकी खंगली होती की तिला खुर्चीत बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. १८७३ मध्ये मदेइरा बेटावर तिचे निधन झाले आणि खचलेल्या मेचनिकोव्ह यांनी जीव देण्याचा प्रयत्न केला. दुसरी पत्नी ओल्गा विषमज्वरातून वाचली, पण त्याच सुमारास विद्यापीठातील राजकीय वातावरण असह्य झाले. १८८१ मध्ये त्यांनी तापाच्या एका रुग्णाचे रक्त स्वतःच्या अंगात टोचून घेतले. त्यात विज्ञानाची जिज्ञासा किती आणि मरणाची इच्छा किती, हे वेगळे करणे कठीण आहे. गंभीर आजारपण काढून ते उठले, ते जगण्याची नवी ओढ घेऊनच.

पुढच्याच वर्षी विद्यापीठाचा राजीनामा देऊन ते कुटुंबासह सिसिलीतील मेसिना येथे गेले. घरची मंडळी सर्कशीतील माकडे पाहायला गेली असताना ते सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाचे पारदर्शक डिंभ न्याहाळत होते. शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूवर या डिंभातील फिरत्या पेशी तुटून पडत असतील, ही कल्पना त्यांना सुचली आणि त्यांनी बागेतून गुलाबाचे काटे आणून डिंभात रोवले. दुसऱ्या दिवशी पहाटे पाहिले, तर काट्यांभोवती पेशींचा वेढा पडलेला होता. रोगजंतूंना गिळून पचवणाऱ्या भक्षकपेशींचा सिद्धांत या प्रयोगातून उभा राहिला. त्यासाठी १९०८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना पॉल एर्लिख यांच्यासह मिळाले.

१८८८ मध्ये लुई पाश्चर यांनी त्यांना पॅरिसच्या आपल्या संस्थेत जागा दिली आणि ते अखेरपर्यंत तेथेच राहिले. ओडेसातील त्यांचे विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन हेही त्यांच्या पाठोपाठ त्या संस्थेत आले. हाफकिन यांनी पुढे मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १८९७ च्या जानेवारीत ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाची. स्वतःच्या शरीरावर प्रयोग करण्याची ही रीत गुरूचीही होती. १८९२ मध्ये फ्रान्समध्ये पटकीची साथ आली, तेव्हा मेचनिकोव्ह यांनी पटकीचे जंतू गिळले. त्यांना काहीच झाले नाही. तेच जंतू घेणारा एक स्वयंसेवक मात्र मरणाच्या दारात जाऊन परतला. एकाला काही होत नाही आणि दुसरा आजारी पडतो, हे कशामुळे? आतड्यात आधीपासून राहणारे काही जिवाणू पटकीच्या जंतूंना अडवतात आणि काही साथ देतात, असे त्यांनी अनुमान काढले. आतड्यातील रहिवाशांकडे त्यांचे लक्ष वळले ते तेव्हापासून.

साठीकडे झुकताना त्यांनी म्हातारपणाचाच प्रश्न हाती घेतला. वार्धक्याच्या अभ्यासाला आज इंग्रजीत जे नाव आहे, ते १९०३ मध्ये त्यांनीच रूढ केले. त्यांची मांडणी थोडक्यात अशी होती. मोठ्या आतड्यात अन्न कुजवणारे जिवाणू विषारी द्रव्ये तयार करतात. ती रक्तात मिसळून शरीर झिजवतात आणि मग भक्षकपेशीच आपल्या अवयवांवर उलटतात. उपाय म्हणून त्यांनी आंबट दूध सुचवले, कारण त्यातील जिवाणूंनी तयार केलेल्या आम्लामुळे कुजण्याची क्रिया थांबेल, असा त्यांचा तर्क होता. बल्गेरियात दही खाणारे ग्रामस्थ दीर्घायुषी असतात, ही ऐकीव माहिती त्यांना पुराव्यासारखी वाटली. जन्माच्या नोंदी धड नसलेल्या मुलखातील वयांवर इतका विश्वास ठेवणे ही त्यांची मोठीच चूक म्हणावी लागेल.

१९०४ मध्ये पॅरिसमध्ये त्यांनी वार्धक्यावर व्याख्यान दिले आणि युरोपात दह्याची लाट आली. जेवणाचा शेवट ताकभाताने करणाऱ्या आपल्याकडील घरांना याचे नवल वाटले नसते, पण पॅरिसमध्ये औषधविक्रेत्यांकडे जिवाणूंच्या गोळ्या विकल्या जाऊ लागल्या. शास्त्रज्ञ अंदाज म्हणून जे बोलला, ते बाजाराने खात्री म्हणून विकले. लंडनचे शल्यविशारद आर्बथनॉट लेन तर याच विचारप्रवाहात रुग्णांचे मोठे आतडेच कापून काढू लागले. मेचनिकोव्ह यांनी मोठ्या आतड्याला निरुपयोगी ठरवले होते, हे येथे विसरता येत नाही.

पहिल्या महायुद्धाने त्यांची प्रयोगशाळा ओस पाडली. १९१५ मध्ये संस्थेने त्यांची सत्तरी साजरी केली. घराण्यात हृदयविकार असताना आपण इतके जगलो, याचे श्रेय ते आपल्या आहाराला देत. पुढच्याच वर्षी जुलैत हृदयविकारानेच त्यांचे निधन झाले. वय अवघे ७१. दीडशे वर्षे जगण्याच्या गप्पा मारणाऱ्याचे हे वय टीकाकारांना पुरेसे होते. काही वर्षांतच येल विद्यापीठातील लिओ रेटगर यांनी दाखवून दिले की बल्गेरियन दह्यातील तो जिवाणू माणसाच्या आतड्यात वस्तीच करत नाही. सिद्धांत अडगळीत गेला.

त्यांचा प्रश्न मात्र पुन्हा वर आला. आईच्या दुधावरील बाळाच्या आतड्यात ज्या बिफिडो जिवाणूंचे राज्य असते, ते म्हातारपणी घटतात आणि दाह वाढवणाऱ्या काही जिवाणूंचे प्रमाण वाढते. आयर्लंडमधील १७८ वृद्धांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, घरी राहणाऱ्यांपेक्षा दीर्घकाळ शुश्रूषागृहात असलेल्यांच्या आतड्यातील जिवाणूंची विविधता कमी आढळली. तिचा संबंध एकसुरी आहाराशी आणि दुबळेपणाशीही दिसला. यात कारण कोणते आणि परिणाम कोणता, याचा उलगडा अशा पाहणीतून होत नाही. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये उंदरांवर केलेले काम त्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांमध्ये वयाबरोबर वाढणारा दाह दिसला नाही. सामान्य उंदरांमध्ये मात्र वयानुसार आतड्याचे अस्तर झिरपू लागले, जिवाणूंचे अंश रक्तात उतरले आणि जंतू मारण्याची मोठ्या भक्षकपेशींची ताकद कमी झाली. या पेशी मेचनिकोव्ह यांच्याच शोधातील. कुजण्यातून निघणाऱ्या विषाची त्यांची कल्पना टिकली नाही. आतडे, जिवाणू आणि भक्षकपेशी यांना एका सूत्रात बांधण्याची त्यांची दृष्टी मात्र बरोबर निघाली.

शेवटच्या आजारात त्यांनी एका सहकाऱ्याला आपल्या शवविच्छेदनात आतडी नीट तपासण्यास सांगितले होते. त्यांच्या अस्थींचा कलश पॅरिसच्या पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवलेला आहे.