गोठ्यात रमलेला प्राध्यापक

आमच्या गोठ्यातली गाय लागोपाठ दोन वेळा गाभडली, तेव्हा आजीने तिची दृष्ट काढली आणि आजोबांनी उघड्या हातांनी गोठा साफ केला. पुढे कित्येक महिने आजोबांना संध्याकाळी ताप भरे, दरदरून घाम सुटे, सांधे धरत. मलेरियाची औषधे झाली, टायफॉइडची झाली. अखेर तालुक्याच्या एका डॉक्टरांनी विचारले, घरी जनावरे आहेत का? त्या प्रश्नातून रोग सापडला. तो होता ब्रुसेलोसिस. त्याचे दुसरे नाव बँगचा रोग. हा बँग कोण, म्हणून मी शोध घेऊ लागलो आणि कलाशाखेचा विद्यार्थी असूनही एका पशुवैद्याच्या चरित्रात गुंतून गेलो.

बर्नहार्ड बँग यांचा जन्म १८४८ साली डेन्मार्कमधील सोरो या गावी झाला. १८७२ मध्ये ते वैद्यकीय परीक्षा उत्तीर्ण झाले, म्हणजे मुळात ते माणसांचे डॉक्टर. परंतु त्यांचे मन जनावरांच्या रोगांकडे ओढले गेले. १८८० साली कोपनहेगनच्या शाही पशुवैद्यक व कृषी महाविद्यालयात ते प्राध्यापक झाले.

त्या काळी डेन्मार्कचा संसार दुधालोण्यावर चाले आणि गोठ्यांत क्षय पसरला होता. सहकारी डेअऱ्यांत सगळ्यांचे दूध एकत्र होई. लोणी काढून उरलेले दूध वासरांसाठी घरोघरी परत जाई आणि त्याबरोबर एकाच्या गोठ्यातला क्षय दहा गोठ्यांत पोचे. सगळी रोगी जनावरे मारावीत, तर शेतकरी बुडणार. न मारावीत, तर रोग वाढणार. यावर उपाय काय?

१८९० साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयावरचे औषध म्हणून ट्युबरक्युलिन जाहीर केले होते. औषध म्हणून ते फसले. मात्र ते टोचल्यावर क्षयी जनावराला ताप येतो, म्हणजे रोग ओळखायला ते उपयोगी पडते, असे दिसून आले. १८९२ पासून बँग यांनी एका मोठ्या गोठ्यावर प्रयोग मांडला. ताप आलेल्या गाई वेगळ्या बांधल्या. त्यांची वासरे जन्मताच निरोगी बाजूला नेऊन त्यांना तापवलेले दूध पाजले. नव्या पिढीची पुन्हा पुन्हा तपासणी केली. सरसकट कत्तल न करता हळूहळू निरोगी कळप उभा राहिला. १८९८ साली डेन्मार्कमध्ये कायदा झाला, की डेअरीतून परत जाणारे दूध तापवलेच पाहिजे.

१८९७ साली त्यांनी गाई गाभडण्यामागचा जंतू शोधून काढला. १९०१ मध्ये लंडनच्या परिषदेत खुद्द कॉख यांनी, गाईच्या क्षयाचा माणसाला फारसा धोका नाही, असे मत मांडले. बँग यांना ते पटले नाही. पुढे १९११ साली ब्रिटिश चौकशी आयोगानेही हा धोका खरा असल्याचा निर्वाळा दिला.

१९१८ साली अमेरिकेत ॲलिस इव्हान्स यांनी दाखवले, की बँग यांचा जंतू आणि माणसांना होणाऱ्या माल्टा तापाचा जंतू जवळचे नातलग आहेत. नंतरच्या वर्षांत, गाईचा हा रोग माणसालाही होतो, हे सिद्ध झाले. १९३२ साली बँग वारले. १९५२ मध्ये डेन्मार्क गाईच्या क्षयातून मुक्त झाल्याचे जाहीर झाले. ते पाहायला ते नव्हते.

आपल्याकडे धारोष्ण दुधाचे कौतुक फार. आमच्या घरीही होते. आता दूध उकळल्याशिवाय कोणी तोंडाला लावत नाही. भारतात २०१९ पासून चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना या रोगाची लस देण्याची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. आमच्या कालवडीलाही ती टोचली, तेव्हा आजोबांनी स्वतः तिचे दावे धरले होते.

गुरांचा डॉक्टर म्हटले, की आपण जरा हसतो. मीही हसत असे. माणसाच्या आरोग्याची वाट गोठ्यातून जाते, हे मला आजोबांच्या तापाने आणि बँग यांच्या चरित्राने शिकवले.