व्हाँतूचे ऊन

दक्षिण फ्रान्समध्ये प्रोव्हान्स प्रांतात माँ व्हाँतू नावाचा एक डोंगर आहे. उंची सुमारे १९१० मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा अडीचशे-पावणेतीनशे मीटरने जास्त. भोवताली त्याच्या तोलाचे दुसरे शिखर नसल्याने तो सपाटीतून एकटाच वर उठलेला दिसतो. दुरून पाहणाऱ्याला भर जुलैतही माथ्यावर बर्फ असल्याचा भास होतो. पण तो असतो चुनखडीच्या पांढऱ्या दगडांचा खच. तिथे झाड नाही की सावली नाही. उन्हाळ्यात डोक्यावरून सूर्य भाजतो आणि पायाखालून दगड. १३ जुलै १९६७ रोजी याच दगडांमधून जाणाऱ्या रस्त्यावर टॉम सिम्प्सन हा ब्रिटिश सायकलपटू कोसळला, तो पुन्हा उठला नाही. त्याचे वय होते अवघे २९.

सिम्प्सनच्या मृत्यूच्या दोन कहाण्या तेव्हापासून सांगितल्या जातात. एकीत तो शेवटच्या श्वासापर्यंत झुंजलेला वीर आहे, दुसरीत उत्तेजक गोळ्यांनी बळी घेतलेला खेळाडू. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्हींमधून त्या दिवसाचे ऊन आणि त्या दिवसाची तहान निसटून जाते. ते दोन्ही जागेवर ठेवून पाहिले, तरच या माणसाला न्याय मिळेल.

टॉमचा जन्म ३० नोव्हेंबर १९३७ चा, इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातील हॅसवेल गावचा. वडील कोळसा खाणीत कामगार, घरात सहा मुले, त्यांत टॉम धाकटा. पुढे हे कुटुंब नॉटिंगहॅमशायरमधल्या हार्वर्थ या खाणींच्याच गावी राहायला आले आणि तिथल्या सायकल क्लबात हा किडकिडीत पोरगा रमला. खाणीत उतरायचे नसेल, तर दुसरे काही तरी जिवापाड करावे लागते, हे अशा घरातल्या मुलांना कुणी शिकवावे लागत नाही. १९५६ साली, विशीही गाठली नसताना, त्याने मेलबर्न ऑलिंपिकमध्ये सांघिक पाठलाग शर्यतीत ब्रिटनसाठी कांस्यपदक मिळवले. दोन वर्षांनी कार्डिफच्या राष्ट्रकुल स्पर्धेत वैयक्तिक शर्यतीत रौप्यपदक आले.

पण रस्त्यावरच्या शर्यतीचे खरे माहेर इंग्लिश खाडीच्या पलीकडे होते. फ्रान्स, बेल्जियम आणि इटलीत सायकलपटूंना आपल्याकडच्या क्रिकेटपटूंसारखा मान होता. ब्रिटनमध्ये हा खेळ हौशी मंडळींपुरता उरला होता. १९५९ मध्ये थोडीशी शिल्लक गाठीला बांधून टॉम फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात सँ-ब्रियू गावी जाऊन राहिला. त्याच वर्षी तो व्यावसायिक झाला. पुढे हेलनशी लग्न झाले, दोन मुली झाल्या आणि बेल्जियममधल्या गेंट शहरी त्याने बिऱ्हाड केले.

नंतरच्या सहा वर्षांत त्याने जे मिळवले, ते त्याच्या आधी कुणा ब्रिटिशाला जमले नव्हते. १९६१ मध्ये टूर ऑफ फ्लँडर्स, १९६३ मध्ये बोर्दो-पॅरिस, १९६४ मध्ये मिलान-सान रेमो. १९६२ च्या टूर द फ्रान्समध्ये एका दिवसापुरती का होईना, आघाडीवीराची पिवळी जर्सी त्याच्या अंगावर आली. तो मान मिळवणारा तो पहिला ब्रिटिश. १९६५ च्या सप्टेंबरात स्पेनमधल्या सान सेबास्तियनला जर्मनीच्या रुडी आल्टिगला मागे टाकून तो जगज्जेता झाला. त्याच वर्षी बीबीसीने त्याला वर्षाचा सर्वोत्तम क्रीडापटू ठरवले. डोक्यावर गोल इंग्लिश हॅट आणि हातात छत्री घेऊन तो छायाचित्रकारांपुढे साहेबी रुबाबात उभा राही. खाणकामगाराच्या या पोराला लोकांना हसवायची कला अवगत होती.

एक गोष्ट मात्र हुलकावणी देत राहिली. टूर द फ्रान्समध्ये १९६२ चा सहावा क्रमांक हीच त्याची सर्वोत्तम कामगिरी. १९६५ आणि १९६६ या दोन्ही वर्षी त्याला शर्यत अर्ध्यावर सोडावी लागली. १९६६ च्या सुरुवातीला बर्फावर घसरण्याच्या खेळात पाय मोडला, तेव्हा मोसमाचा बराच भाग वाया गेला. सायकलपटूची कमाई त्या काळी टूरनंतर गावोगावी होणाऱ्या छोट्या शर्यतींच्या मानधनावर अवलंबून असे आणि ते मानधन टूरमधल्या क्रमांकावर ठरे. तिशी तोंडावर आलेली, घरसंसार मागे. १९६७ च्या वसंतात पॅरिस-नीस शर्यत जिंकून तो टूरला उतरला, तेव्हा हे वर्ष हुकले तर पुढचे आपले असेलच, याची खात्री त्याला उरली नव्हती.

ती टूर २९ जूनला आँजे येथून सुटली. सुमारे ४,८०० किलोमीटरचे अंतर, साडेतीन आठवड्यांची रपेट. अशा शर्यतीत एका दिवसाचे दुखणे त्या दिवसापुरते राहत नाही. आज घामावाटे गेलेले पाणी आणि क्षार रात्रीत भरून निघाले नाहीत, तर ती उणीव उद्याच्या खात्यावर चढते, परवा तिच्यावर व्याज लागते. आल्प्सच्या घाटांत सिम्प्सनचे पोट बिघडले. जुलाबांनी तो पोखरला गेला, अन्न ठरेना. त्याने थांबावे असे जवळच्या माणसांना वाटत होते. पण अजून तो पहिल्या दहांत होता, आणि पहिल्या दहांतला माणूस थांबत नाही, असा तिथला रिवाज.

१३ जुलैचा तेरावा टप्पा मार्सेल ते कार्पांत्रा, २११ किलोमीटरांचा, वाटेत व्हाँतूची चढण. शर्यतीचे डॉक्टर प्येर द्यूमा यांना सकाळीच हवेचा दाह जाणवला. आज कुणी उत्तेजके घेतली तर जिवावर बेतेल, अशी भीती त्यांनी बोलूनही दाखवली होती. त्यांची भीती अनुभवाची होती. १९५५ साली याच डोंगरावर, अशाच उन्हात जाँ मालेजाक बेशुद्ध पडला होता आणि द्यूमांनीच त्याला शुद्धीवर आणले होते. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये भर उन्हातल्या सायकल शर्यतीत डेन्मार्कचा क्नूड येन्सन दगावला होता. इशारे कमी नव्हते.

दुपारी पारा चाळिशीच्या पार गेला. नियमाने प्रत्येकाला दिवसभरात पाण्याच्या चारच बाटल्या, म्हणजे सुमारे दोन लिटर पाणी. नागपूर-चंद्रपूरच्या मे महिन्यात शेतात राबणारा माणूसही याहून जास्त पाणी पितो. पण जास्त पाण्याने सायकलपटू जड होतो, मंदावतो, अशी त्या काळची समजूत. परिणामी स्वार रस्त्यालगतच्या खानावळींत घुसून हाती लागेल ते पिऊन घेत. व्हाँतूच्या पायथ्याशी बेदुआँ गावात असाच छापा पडला, तेव्हा सिम्प्सनच्या वाट्याला ब्रँडी आली.

पुढची वीसेक किलोमीटर म्हणजे शरीराची कोंडीच. सपाटीवर वेगामुळे अंगावर वारा येतो, घाम वाळतो आणि शरीर निवते. चढावर वेग मंदावतो, वारा पडतो आणि स्नायू मात्र सर्वाधिक उष्णता निर्माण करत असतात. त्यात पोटातले पाणी जुलाबांनी आधीच ओसरलेले. मद्याने लघवी वाढते, म्हणजे उरलेसुरले पाणीही जाते. अॅम्फेटामाइनच्या गोळ्यांनी शरीर आणखी तापते, त्वचेखालच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता बाहेर पडत नाही. सर्वांत घातक म्हणजे थकव्याची जाणीवच बोथट होते. पुरे झाले, हे सांगणारा आतला आवाज गप्प होतो.

शिखर सुमारे एक किलोमीटरवर असताना सिम्प्सनची सायकल रस्त्याच्या या कडेपासून त्या कडेला हेलकावू लागली. तो पडला. मदतीला धावलेल्या मेकॅनिकने पट्टे सोडवून त्याला थांबवू पाहिले, पण त्याला पुढेच जायचे होते. लोकांनी उचलून पुन्हा बसवले. आणखी चार-पाचशे मीटर तो गेला आणि कोसळला, तेव्हा मुठी हँडलवर आवळलेल्याच होत्या. द्यूमांनी शर्थ केली, हेलिकॉप्टरने त्याला अॅव्हिन्यॉनच्या रुग्णालयात नेले. पण सायंकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी मृत्यू जाहीर झाला. जर्सीच्या खिशात अॅम्फेटामाइनच्या नळ्या सापडल्या, शवविच्छेदनात गोळ्यांचा आणि मद्याचा अंश आढळला. मला सायकलवर बसवा, अशा अर्थाचे जे वाक्य त्याचे अखेरचे म्हणून जगभर पसरले, ते तिथे हजरही नसलेल्या एका वार्ताहराने रचले होते. जगाला ते वाक्य हवे होते, म्हणून ते टिकले.

दुसऱ्या दिवशी घोळक्याने ब्रिटिश संघातल्या बॅरी होबनला पुढे जाऊ दिले आणि टप्पा त्याला बहाल केला. हार्वर्थच्या अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले. त्यांत त्याच्या व्यावसायिक संघातला तरुण सहकारी एडी मर्क्सही होता. १९६८ पासून टूरमध्ये उत्तेजकांच्या चाचण्या नियमाने होऊ लागल्या. पाण्यावरची बंधने पुढे सैल झाली. अतितीव्र हवामानात शर्यतीचे काय करायचे, याची लेखी नियमावली आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने आणली, ती मात्र २०१६ मध्ये.

सिम्प्सनने गोळ्या घेतल्या, ही त्याची चूक होती आणि तिची किंमत त्याने मोजली. पण दोन लिटर पाण्याचा नियम त्याने केला नव्हता. थांबणाऱ्याला भेकड ठरवणारा रिवाजही त्याचा नव्हता. आपल्याकडेही आता तरुण मंडळी गटागटाने चार-चार दिवसांच्या सायकल मोहिमांवर ऐन उन्हाळ्यात निघतात. गटात मागे पडण्याची लाज मोठी असते आणि डोके दुखू लागले, घाम थांबला, बोलणे अडखळू लागले, तरी माणूस पायडल मारत राहतो. अशा वेळी थांब म्हणणारा एक जण सोबत हवा, आणि त्याचे ऐकण्याइतकी समज बाकीच्यांना हवी.

व्हाँतूच्या माथ्याजवळ, तो पडला त्या जागी, दगडी स्मारक आहे. चढ चढून आलेले सायकलस्वार तिथे दम खातात आणि जाताना काही ना काही ठेवून जातात. कुणी टोपी ठेवतो. बरेच जण पाण्याची बाटली ठेवतात.