विश्लेषण : साथीत सरकारी सक्ती चालते का? ओस्वाल्डो क्रूझ यांना काय अनुभव आला?

ब्राझीलमध्ये १८७२ साली जन्मलेले डॉ. ओस्वाल्डो क्रूझ पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये शिकले. १९०३ मध्ये देशाच्या सार्वजनिक आरोग्याची सूत्रे त्यांच्याकडे आली. तेव्हा राजधानी रिओ दि जानेरो पीतज्वर, प्लेग आणि देवी या रोगांनी बेजार होती.

पीतज्वर डासांमुळे पसरतो. म्हणून क्रूझ यांची पथके घरोघरी शिरून पाणीसाठे तपासत, धुरी देत. लोक चिडले, पण १९०७ पर्यंत शहरातली पीतज्वराची साथ संपली.

देवीच्या बाबतीत मात्र गणित चुकले. ऑक्टोबर १९०४ मध्ये लससक्तीचा कायदा झाला. नव्या रस्त्यांसाठी गरिबांची घरे पाडली जात होती, त्याचा राग आधीच होता. त्यात लसीबद्दल अफवा पसरल्या. नोव्हेंबरमध्ये दंगल उसळली, सुमारे ३० जण मारले गेले आणि सरकारने सक्ती मागे घेतली.

१९०८ मध्ये देवीची मोठी साथ आली. हजारो दगावले. मग लोक स्वतःहून लस घ्यायला आले.

क्रूझ १९१७ मध्ये, अवघ्या ४४व्या वर्षी गेले. डास हटवायला हुकूम पुरला. लस टोचून घ्यायला लोकांचा विश्वास हवा होता. तो आधी न कमावल्याची किंमत रिओने चार वर्षांनी मोजली.