क्रिकेटवीर बाळू पालवणकर



या अंकासाठी गुरुजींनी आम्हाला एकेका जुन्या खेळाडूचे चरित्र लिहायला सांगितले. कोणी ध्यानचंद घेतले, कोणी खाशाबा जाधव घेतले. मी बाळू पालवणकर घेतले. त्याला दोन कारणे आहेत. एक म्हणजे मी डावखुरा आहे आणि बाळूही डावखुरे होते. दुसरे म्हणजे त्यांच्या घराण्याचे मूळ गाव आपल्या कोकणातले, पालवण. त्यावरूनच आडनाव पालवणकर. आपल्या गावातली निम्मी घरे जशी पोटापाण्यासाठी परळ-लालबागला गेली, तशीच ही मंडळीही गाव सोडून बाहेर पडली होती.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. घराणे चर्मकार समाजाचे. वडील लष्कराच्या नोकरीत होते. पुढे ते पुण्याला आले. त्या काळी या समाजाला अस्पृश्य मानत. विहिरीवर पाणी भरू देत नसत, देवळात जाऊ देत नसत, शाळेतसुद्धा वेगळे बसवत. हे मी पुस्तकात वाचले होते, पण बाळूंची गोष्ट वाचताना ते मला खरे कळले.

पुण्यात गोऱ्या शिपायांचे क्रिकेट चालायचे. त्यांनी टाकून दिलेल्या चेंडू-बॅटीने बाळू आणि त्यांचा धाकटा भाऊ शिवराम खेळायला शिकले. मग बाळूंना पारशी मंडळींच्या एका क्रिकेट क्लबात काम मिळाले. काम काय, तर खेळपट्टी झाडायची आणि तिच्यावर रोलर फिरवायचा. पगार महिना तीन रुपये. १८९२ च्या सुमारास ते पूना क्लबात लागले. तिथे चार रुपये मिळू लागले. हा क्लब साहेब लोकांचा. बाळूंनी जाळी बांधायची, रेघा मारायच्या, मैदान राखायचे.

एके दिवशी एका साहेबाने त्यांना सरावासाठी चेंडू टाकायला सांगितले. झाले! त्या दिवसापासून साहेब लोक सरावाला आले की चेंडू बाळूंच्या हातात जाऊ लागला. क्लबात ग्रेग नावाचे एक नावाजलेले फलंदाज होते. असे सांगतात की, मला बाद केलेस तर दर वेळी आठ आणे देईन, असे त्यांनी बाळूंना कबूल केले होते. हे वाचल्यावर मी गणित मांडले. रुपयाचे आणे सोळा. म्हणजे ग्रेगसाहेबांना आठ वेळा बाद केले की चार रुपये, म्हणजे अख्ख्या महिन्याचा पगार! आता सांगा, कोणाचा चेंडू वळणार नाही?

पण एक गोष्ट लक्षात घ्या. त्या मैदानावर बाळूंनी तासन् तास गोलंदाजी केली, पण हातात बॅट घेऊन खेळायला त्यांना तिथे कधी मिळाले नाही. फलंदाजी साहेबांची आणि राबणे नोकराचे, अशी ती वाटणी होती. बाळूंना कोणी प्रशिक्षक नव्हता. समोर जो फलंदाज उभा असेल तोच त्यांचा मास्तर. तो पुढे कधी येतो, मागे कधी सरकतो, कोणत्या चेंडूला फसतो, हे बघून बघून ते शिकले. संथ चेंडू टाकायचे, पण एकाच टप्प्यावरून कधी आत, कधी बाहेर वळवायचे. चेंडू उंच देऊन फलंदाजाला मोहात पाडायचे.

पुण्यातल्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते. असा गोलंदाज गावात असताना बाहेर ठेवणे परवडणारे नव्हते. पण काही जणांनी विरोध केला. आपल्यात अस्पृश्य कसा घ्यायचा? बरीच चर्चा झाली आणि शेवटी बाळूंना संघात घेतले. मात्र घेतले ते मैदानापुरतेच!

म्हणजे काय ते नीट ऐका. खेळताना सगळे एकच चेंडू हातात घेत. बाळूंनी टाकलेला चेंडू यष्टिरक्षक झेलायचा, क्षेत्ररक्षक अडवायचा. त्याने कोणी बाटत नसे. पण चहाची वेळ झाली की बाकीचे अकरा-बारा जण मंडपात बसत, आणि बाळूंना बाहेर उभे करून मातीच्या बोळक्यात चहा देत. पिऊन झाले की बोळके फेकून द्यायचे. जेवणाला त्यांचे ताट वेगळे, बसायची जागा वेगळी. तोंड धुवायला पाणी हवे असले तर ते त्यांच्यासारख्याच अस्पृश्य मानलेल्या गड्याने आणून द्यायचे.

आपल्या शाळेत मधल्या सुट्टीत आपण सगळे एका रांगेत बसून खिचडी खातो. कोणाच्या शेजारी कोण बसला याचा आपण विचारही करत नाही. ज्या माणसाने सामना जिंकून दिला त्याला अशा रांगेत जागा नव्हती. मी आजीला हे वाचून दाखवले, तर ती बराच वेळ काही बोलली नाही.

पुढे एकदा पुण्याचा हिंदू संघ साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्याशी खेळायला गेला. बाळूंचा चेंडू वळू नये म्हणून तिथल्या लोकांनी म्हणे आठवडाभर रोलर फिरवून खेळपट्टी टणक करून ठेवली होती. पण रोलरची करामत बाळूंपेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? त्यांनी सात बळी घेतले. संघ पुण्याला परतल्यावर सत्कार झाला. न्यायमूर्ती रानडे यांनी बाळूंचे जाहीर कौतुक केले. ज्याच्याबरोबर खेळता त्याच्याबरोबर खायला-प्यायला काय हरकत आहे, असे त्यांनी संघातल्या मंडळींना सुनावले. लोकमान्य टिळकांनीही पुढे एका सभेत बाळूंना हार घातला.

१८९६ साली प्लेगची साथ आली. त्याच सुमारास बाळू मुंबईला आले. काही काळ लष्करात आणि नंतर रेल्वेत त्यांनी नोकरी केली. गिरगाव चौपाटीच्या जवळ, आज ज्याला मरीन ड्राइव्ह म्हणतात त्या किनाऱ्यावर, पारशी, मुसलमान आणि हिंदू यांचे जिमखाने ओळीने आहेत. त्यातला हिंदू जिमखाना १८९४ साली स्थापन झाला. तिथेही बाळूंना घ्यावे की न घ्यावे यावर आधी वाद झाला. पण कप्तानाने आग्रह धरला आणि बाळू आत आले. पुढे शिवरामही आले.

आता मी त्यांच्या सर्वात गाजलेल्या सामन्याविषयी लिहितो. फेब्रुवारी १९०६. ठिकाण बॉम्बे जिमखाना, म्हणजे आताच्या आझाद मैदानाच्या कडेला. हा जिमखाना फक्त गोऱ्यांचा. एरवी आपल्या माणसाने आत पाऊल टाकायचे ते वाढपी म्हणून नाहीतर माळी म्हणून. त्या मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना ठरला. राज्य त्यांचे, मैदान त्यांचे, आणि खेळही त्यांनीच इथे आणलेला.

हिंदूंनी पहिल्या डावात २४२ धावा केल्या. युरोपियन १९१ मध्ये बाद. दुसऱ्या डावात हिंदूंच्या १६० झाल्या. म्हणजे युरोपियनांना जिंकायला २१२ हव्या होत्या. ते १०२ मध्ये गडगडले! हिंदू संघ १०९ धावांनी जिंकला. बाळूंनी पहिल्या डावात तीन आणि दुसऱ्या डावात पाच, असे एकूण आठ बळी घेतले. या विजयाचा आनंद साऱ्या देशात झाला. तेव्हा स्वदेशीची चळवळ चालू होती, त्यामुळे लोकांना हा नुसता खेळ वाटला नाही.

पण मला त्याहून मोठी वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. मुंबईत आता बाळू आणि शिवराम हे बाकीच्या खेळाडूंच्या पंक्तीला बसून जेवू लागले होते. त्या वेळच्या सुधारक मंडळींनी याचे मुद्दाम स्वागत केले. पुण्यातल्या मातीच्या बोळक्यापासून मुंबईतल्या पंक्तीपर्यंत यायला जवळजवळ दहा वर्षे लागली.

१९०७ पासून युरोपियन, पारशी आणि हिंदू असे तिरंगी सामने सुरू झाले. १९१२ पासून मुसलमानांचा संघ आला आणि ते चौरंगी झाले. आजच्यासारखे तेव्हा टीव्ही-मोबाइल नव्हते. लोक मैदानाभोवतीच्या झाडांवर चढून सामने बघत.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. त्यात बाळू आणि शिवराम दोघेही होते. बाळूंचे वय तेव्हा ३५. खांदा दुखत होता. संघ बरेच सामने हरला, पण बाळू काही हरले नाहीत. त्यांनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले, तेही प्रत्येक बळीमागे १९ पेक्षा कमी धावा देऊन. लीस्टरशायरविरुद्ध एकाच सामन्यात ११ बळी घेतले आणि तो सामना आपण जिंकला. सॉमरसेटविरुद्ध शिवरामने नाबाद शतक ठोकले आणि तोही सामना जिंकला. इंग्लंडच्या लोकांनी बाळूंची तुलना त्यांच्या ऱ्होड्स नावाच्या नामांकित डावखुऱ्या गोलंदाजाशी केली. अधिकृत कसोटी सामने आपल्या देशाला १९३२ पासून मिळाले. ते वीस वर्षे आधी मिळाले असते तर बाळूंचे नाव आज पोरासोरांना पाठ असते.

त्या काळी परळच्या चाळीत कॉलेजात शिकणारा एक तरुण राहत होता. बाळूंचा त्याला मोठा अभिमान वाटे. आपल्यासारख्याच अस्पृश्य मानलेल्या घरातला माणूस साहेबाला त्याच्याच खेळात हरवतो, याचा धीर त्या वेळी किती जणांना आला असेल! तो तरुण म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर.

बाळूंच्या पाठोपाठ त्यांचे तीन भाऊ तयार झाले. शिवराम, विठ्ठल आणि गणपत. थोरल्याच्या पावलावर पाऊल टाकून चौघेही हिंदू संघातून खेळले. चार सख्खे भाऊ एका संघात! असे उदाहरण मला तरी दुसरे सापडले नाही.

आता माझ्या मनाला लागलेली गोष्ट सांगतो. संघात सर्वात जुने, सर्वात अनुभवी बाळू होते. पण कप्तानपद मात्र त्यांना कधी दिले नाही. जेवायला शेजारी बसवले, पण पुढे उभे केले नाही. १९१३ साली पै यांना कप्तान केले, तेव्हा खुद्द पैंनीच जाहीरपणे सांगितले की हा मान माझ्या मित्राचा, बाळूंचा होता. मला पैंचेही कौतुक वाटते. मिळालेली वस्तू दुसऱ्याची आहे असे भर सभेत सांगायला मोठे मन लागते.

१९२० साली बाळू ४४ वर्षांचे होते. त्या वर्षी पै आजारी पडले. तेव्हा बाळूंना संघातूनच वगळले, आणि विठ्ठलचा हक्क डावलून कप्तानपद दुसऱ्याला दिले. विठ्ठल आणि शिवराम यांनी काय केले? रडले नाहीत, भांडले नाहीत. आम्ही खेळणार नाही, असे पत्रक काढून ते बाजूला झाले. लोकांनी त्यांची बाजू उचलून धरली. शेवटी पुढच्या सामन्याला बाळूंना परत बोलावून उपकप्तान करावे लागले. त्या सामन्यात पै मुद्दाम मैदानाबाहेर गेले आणि थोडा वेळ का होईना, बाळूंनी संघ चालवला.

आणि १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कप्तान झाले. त्याच वर्षी त्यांनी चौरंगी स्पर्धा जिंकून दाखवली. लोकांनी त्यांना खांद्यावर उचलून नाचवले. त्यात सगळ्या जातींचे लोक होते. थोरल्या भावाने जमीन नांगरली, धाकट्याने पीक काढले.

खेळ थांबल्यावर बाळू समाजकार्यात पडले. १९३२ च्या पुणे करारावर त्यांचीही सही आहे. धर्मांतराच्या प्रश्नावर त्यांचे आणि बाबासाहेबांचे मत जुळले नाही. १९३७ च्या निवडणुकीत भायखळा-परळ भागातून काँग्रेसतर्फे बाळू आणि समोर स्वतः बाबासाहेब अशी लढत झाली. बाबासाहेब निवडून आले. दोघांचे मार्ग वेगळे, पण दोघांनाही एकच गोष्ट बोचत होती, असे मला वाटते.

४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचे निधन झाले. प्रथम श्रेणीच्या फक्त ३३ सामन्यांत त्यांनी १७९ बळी घेतले.

मित्रांनो, यातून आपण काय शिकायचे? मेहनत करावी हे तर आहेच. पण मला वाटते, नुसत्या मेहनतीने बाळूंचे काम भागले नाही. साताऱ्याचे सात बळी घेऊनही त्यांना कप्तानपद मिळाले नाही. त्यासाठी रानड्यांना बोलावे लागले, पैंना मैदान सोडावे लागले, भावांना न खेळता बसावे लागले. जो चांगला खेळतो त्याने खेळावेच, पण जे बघत असतात त्यांचीही काही जबाबदारी असते. आपण संघ पाडताना कोणाला शेवटी घेतो आणि का, एवढे जरी बघितले तरी पुष्कळ झाले.

आपल्या घरातली वडीलधारी माणसे मुंबईत राहून आलेली आहेत. त्यांच्यापैकी कोणाला चौरंगी-पंचरंगी सामन्यांच्या ऐकीव गोष्टी आठवत असतील तर त्या कागदावर लिहून भित्तिपत्रकाच्या पेटीत टाकाव्यात. पुढच्या अंकात आपण त्या लावू.