लॉर्ड केल्व्हिन आणि ओढ्यातल्या लहरी

लॉर्ड केल्व्हिन हे नाव निघाले की आम्ही कलाशाखेचे विद्यार्थी विज्ञानशाखेच्या इमारतीकडे बोट दाखवतो. मला मात्र हा माणूस आवडला तो पाण्यामुळे. केल्व्हिन हे त्यांचे मूळ नावच नव्हे. ग्लासगो विद्यापीठाखालून वाहणाऱ्या एका लहानशा नदीचे ते नाव. १८९२ साली सरदारकी मिळाली तेव्हा विल्यम थॉमसन यांनी ते घेतले.

जन्म बेलफास्टचा, १८२४ चा. वडील गणिताचे प्राध्यापक. आई सहाव्या वर्षीच गेली. बाविसाव्या वर्षी ते ग्लासगोला प्राध्यापक झाले आणि ५३ वर्षे तीच खुर्ची सांभाळली. अटलांटिकच्या तळाशी टाकलेल्या तारेच्या कामाबद्दल १८६६ साली 'सर' झाले.

१८७० साली त्यांच्या पत्नी मार्गारेट वारल्या. त्याच वर्षी त्यांनी 'लल्ला रूख' नावाची शिडाची नौका विकत घेतली आणि सुट्ट्या समुद्रावर काढू लागले. दुसऱ्या वर्षीची गोष्ट. वारा पडलेला, नौका संथ चाललेली, गळाची दोरी पाण्यात. दोरीच्या पुढे बारीक, दाट लहरी आणि मागे लांब लाटा त्यांना दिसल्या. दोन्ही दोरीबरोबरच चालत होत्या! बारीक लहरींना पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण ओढतो, लांब लाटांना पाण्याचे वजन. सेकंदाला सुमारे २३ सेंटिमीटर हा पाण्यावरच्या लाटेचा सर्वांत कमी वेग. पाणी याहून संथ असेल तर अडथळ्याभोवती नक्षी उमटतच नाही. नौकेवर पाहुणे आलेल्या हेल्महोल्ट्झना बरोबर घेऊन त्यांनी तो मोजलाही. पुढे १८८६ साली वाहत्या पाण्यातील स्थिर लाटांवर त्यांनी लेखमालाच लिहिली.

हे पाहायला नौका लागत नाही. भाद्रपदात मुळशीकडच्या कुठल्याही ओढ्यात काडी रोवावी. पुढे सुरकुत्या, मागे लाटा. पाणी उथळ आणि वेगाचे असेल तर गोट्यामागे बाणाच्या टोकासारख्या तिरप्या रेषा उठतात. वीतभर पाण्यात लांब लाट सेकंदाला दीड मीटरच्या आतच धावते. प्रवाह तिच्याहून वेगवान झाला की तिला वर चढता येत नाही.

पण याच केल्व्हिननी नायगाराच्या पाण्यावर वीज करण्यासाठी १८९० साली नेमलेल्या आंतरराष्ट्रीय मंडळाचे अध्यक्षपद भूषवले. पुढच्या पिढ्यांना तो धबधबा दिसूच नये, सगळे पाणी यंत्रांवर जावे, अशी इच्छा त्यांनी बोलून दाखवली होती. मुळशीच्या वाचकाला हे पान सहज उलटता येत नाही. १९२१ साली सेनापती बापटांबरोबर इथले मावळे टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले. धरण झालेच. गावे बुडाली, आणि मुळेचे पाणी डोंगर ओलांडून कोकणात भिऱ्याच्या वीजघराकडे वळले. ज्याने गळाच्या दोरीभोवतीची लहर तासन्‌तास न्याहाळली, त्याला धबधबा मात्र वाया गेलेले पाणी वाटावा, हे मला अजून उमगत नाही.

केल्व्हिनना मूलबाळ नव्हते. १७ डिसेंबर १९०७ रोजी ते वारले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये न्यूटनजवळ त्यांना पुरले आहे.